टपावरचा गंज: बडोद्याच्या हवेत तो मुळापासून काढायचा कसा

गाडीच्या दारावर चरा पडला तर संध्याकाळपर्यंत घरातल्या सगळ्यांना कळतं. टप मात्र नजरेच्या वर असतो, म्हणून त्यावरचा गंज दिसतो तेव्हा तो बहुधा एखाददुसरा पावसाळा पिऊन बसलेला असतो. ऊन, पहाटेचं दव, कबुतरांची घाण, दिवाळीच्या फटाक्यांची राख हे सगळं आधी झेलतो तो टपच. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा अशा जुन्या वस्तीत गाड्या घराबाहेर रस्त्यावरच उभ्या राहतात; वर एक तर कडुलिंब, नाहीतर कबुतरांनी भरलेला सज्जा.

दुरुस्त केलेल्या जागी गंज परत आला की आपण रंगाला दोष देतो. खरं कारण बहुतेक वेळा रंगाच्या खाली असतं: बारीक खड्ड्यात उरलेला गंज, पुट्टीने शोषलेलं पाणी, नाहीतर हाताच्या घामातलं मीठ. हे आत कोंडलं की वरून कितीही महागाचा रंग मारा, तो फुगणारच. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ धातूच्या दोन ते सहा पट जागा मागतो आणि त्या रेट्याने रंग उचलला जातो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीसाठी आहेत: धातू स्वच्छ करायचा, कोरडा करायचा आणि त्याच दिवशी बंद करायचा.

कुठे शोधायचा

गाडी धुऊन कोरडी करा, बाजूला स्टूल घ्या आणि सकाळच्या तिरप्या उन्हात टप पाहा. मध्यावरून सुरुवात करू नका, कडांवरून करा. पुढच्या काचेच्या वरची कड सगळ्यात आधी, कारण महामार्गावर उडालेले खडे तिथेच बसतात. मग टपाच्या दोन्ही बाजूंनी जाणारी पन्हळ. बऱ्याच गाड्यांत ती काळ्या रबराच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने झाकलेली असते. टपाचा पत्रा आणि बाजूचा पत्रा तिथे जोडलेला असतो, त्या सांध्यात सीलंट भरलेलं असतं, आणि वर्षानुवर्षांच्या उन्हाने ते तडकतं. पट्टीखाली पाला, धूळ आणि ओल साचून राहते. वरून काहीच दिसत नाही. पट्टीच्या कडेला रंगावर बुडबुडे दिसले किंवा पावसानंतर तपकिरी ओघळ आला, तर पट्टी काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

उरलेल्या जागा म्हणजे अँटेनाचं बूड, कॅरिअरचे पाय, सनरूफची चौकट आणि मागच्या दाराच्या वरची कड. गाडीच्या आतूनही बघा: सिलिंगच्या कापडावर चहासारखा डाग असेल तर पाणी वरून येतंय. ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरात जी गाडी पार बुडाली होती, तिचं सिलिंग एकदा उतरवून टपाची आतली बाजू पाहून घ्या. त्या कापडामागचा फोम ओल धरून ठेवतो आणि गंज आतून बाहेर येतो.

एक फरक ओळखायला हवा. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) ग्राइंडिंग-वेल्डिंगच्या शेडजवळ किंवा रेल्वेच्या रुळांलगत रोज गाडी उभी राहत असेल, तर टपभर मोहरीएवढेही नाहीत असे नारिंगी ठिपके दिसतात. ते टपाचे नाहीत. हवेतून आलेले लोखंडाचे कण रंगावर चिकटून गंजलेले असतात. क्ले बारने (रंगावर चिकटलेले कण उचलणाऱ्या मातीसारख्या वडीने) किंवा लोखंडी कण विरघळवणाऱ्या क्लीनरने ते निघतात, घासायची गरज नाही. ठिपका निघाला आणि खालचा रंग शाबूत असला, की तिथलं काम संपलं.

कधी करायचं

हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडाचं गंजणं वेग घेतं. बडोद्यात जुलै-ऑगस्टमध्ये ती सहज ८० च्या पुढे असते. त्या दिवसांत घासून चकचकीत केलेला पत्रा काही तासांतच पिवळसर पडतो. उन्हाळ्यात उलटा त्रास: उन्हातला पत्रा हात ठेववत नाही इतका तापतो, प्रायमर पसरण्याआधीच सुकतो आणि नीट धरत नाही.

म्हणून दसऱ्याला पूजेसाठी गाडी धुता तेव्हा टपाची तपासणी करा, आणि काम दिवाळीनंतर काढा. लाभपंचमीपर्यंत इथली रंगाची दुकानं आणि गॅरेज बहुतेक बंदच असतात. त्यानंतर फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ चांगला. हिवाळ्यात सकाळी टपावर दव असतं, ते पूर्ण उडाल्यावर दहाच्या सुमारास सुरुवात करा आणि ऊन उतरायच्या आत प्रायमरचा शेवटचा हात झालेला असू द्या. औद्योगिक रंगकामातला नियम इथेही लागू पडतो: पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या ओलीचं दव होतं त्यापेक्षा, किमान ३ अंश वर असलं पाहिजे. तापमापक नसेल तर काम सावलीत करा आणि पत्रा हाताला गार-ओलसर लागला तर थांबा.

पावसाळ्यातच गंज दिसला तर? सैल रंग खरवडा, जागा कोरडी करा, रस्ट कन्व्हर्टरचा (गंजाचाच काळा थर बनवणाऱ्या द्रवाचा) हात द्या आणि त्यावर टच-अप रंगाचा थर लावून पाणी तेवढं अडवा. हे दिवाळीपर्यंतचं निभावणं आहे. तिथे पुट्टी भरू नका.

किती खोल गेलाय

फुगलेला रंग टोकदार पत्रीने (खरवडायच्या पातळ पात्याने) उचला. खाली नुसती तपकिरी झाक असेल आणि पॉलिश पेपरच्या चार हातांत पांढरा धातू दिसला, तर गंज वरवरचा आहे. धातूवर काळे खड्डे राहिले तर गंज मुरलाय. पत्रीचं टोक टेकवून अंगठ्याने दाबल्यावर पत्रा करकरला, दबला किंवा आरपार गेला, तर ते घरचं काम राहिलेलं नाही. टपाचा पत्रा जेमतेम ०.६ ते ०.८ मिलिमीटर जाड असतो, तेव्हा मुरलेल्या गंजाला फार वाव मिळत नाही.

जुनी गाडी असेल तर एक लहान लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून फिरवा. जिथे तो पकड सोडतो तिथे आधी कुणीतरी पुट्टी भरलेली आहे. विकत घ्यायच्या गाडीवर हे नक्की करा, विशेषतः टपावर काळी फिल्म चिकटवलेली असेल तर. फिल्मखाली गंज सुखाने वाढतो.

सामान

८०, १२०, १८०, २४० आणि ३२० नंबरचे पॉलिश पेपर, ६०० चा वॉटर पेपर, घासायचा लाकडी किंवा रबरी ठोकळा, रंग-गंज उतरवायची नायलॉनची स्ट्रिप डिस्क, लहान वायर ब्रश, फॉस्फोरिक ॲसिड असलेलं गंज काढायचं द्रव, वॅक्स आणि ग्रीस काढायचा क्लीनर (नाही मिळालं तर आयसोप्रोपिल अल्कोहोल), दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर, पॉलिएस्टर पुट्टी, पी.यू. (पॉलियुरेथेन) सीलंट, मास्किंग टेप आणि कागद. हातात नायट्राइलचे मोजे, डोळ्यांवर गॉगल, घासताना धुळीचा मास्क. रंगाचा कोड गाडीवरच्या पट्टीवर असतो. कंपनीप्रमाणे ती इंजिनखान्यात किंवा दाराच्या चौकटीवर सापडते. पण चार-पाच वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा रंग कोडाशी तंतोतंत जुळत नाही, म्हणून पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून नमुना म्हणून दुकानात नेलेलं बरं.

घरगुती ॲसिड मात्र आणू नका. फरशी-संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. गंज त्याने झटक्यात जातो, पण क्लोराइड खड्ड्यांत उरतं आणि महिन्याभरात तीच जागा पुन्हा फुलते. रॉकेल-डिझेलनेही पुसू नका. तेलाचा पापुद्रा राहिला की त्यावर रंग फाटतो.

प्रत्यक्ष काम

शाम्पूने टप धुवा, पूर्ण वाळवा, मग क्लीनरने पुसा. दोन कापडं घ्या: एकाने क्लीनर लावायचा, तो सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्या कापडाने उचलायचा. हे घासण्याच्या आधी करायचं, नाहीतर पॉलिशचं मेण पेपरबरोबर धातूत रगडलं जातं. मग काच, बॉनेट आणि शेजारची गाडीसुद्धा झाकून घ्या. घासताना उडणारे लोखंडाचे कण दुसरीकडे बसले की आठवड्याभरात तिथे नारिंगी ठिपके उमटतात.

आता गंज. गंजाच्या दिसणाऱ्या कडेपासून दोन-तीन सेंटिमीटर बाहेरपर्यंत रंग काढा, कारण रंगाखालून गंज दिसतो त्यापेक्षा पुढे सरकलेला असतो. मोठ्या जागेवर स्ट्रिप डिस्क हलक्या हाताने चालवा. दगडी ग्राइंडिंग डिस्क टपावर नको: पत्रा पातळ होतो, तापून लहरतो, आणि तो पोचा मग पुट्टीने भरत बसावं लागतं. बऱ्याच गाड्यांच्या पत्र्यावर जस्ताचा थर असतो, तोही गरज नसताना खरवडला जातो. वायर ब्रशचा एक धोका लक्षात ठेवा: तो गंजालाच घासून चकाकी आणतो. पत्रा काळसर चमकतो आणि आपल्याला वाटतं, झालं. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून बघा. खड्ड्यांच्या तळाशी काळे ठिपके दिसत असतील तर गंज तिथेच आहे. ८० च्या पेपरची घडी करून त्या टोकाने, पत्रीच्या अणीने, एकेक खड्डा उकरा. या कामाला वेळ लागतो आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्यातलं काहीच दिसत नाही. गॅरेजमध्ये म्हणूनच ते गाळलं जातं. तुमच्या दुरुस्तीचं आयुष्य इथे ठरतं, तेव्हा अख्खी सकाळ गेली तरी जाऊ द्या.

तरीही खड्ड्यांत काही उरतंच. त्यावर फॉस्फोरिक ॲसिडचं द्रव लावा, डब्यावर लिहिलेल्या वेळेइतकं ओलं ठेवा, मध्ये मध्ये स्क्रबरने घासा. सुकू देऊ नका. सुकायला लागलं तर पुन्हा ओलं करा. मग स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन लगेच कापडाने टिपा आणि हेअर ड्रायर फिरवून सांदीतली ओल घालवा. ॲसिडचा अंश राहिला तर इपॉक्सी प्रायमर नीट घट्ट होत नाही आणि पुढे कवचासारखा सुटतो. धुऊन वाळल्यावर १८० च्या पेपरने पुन्हा एकदा घासा. टॅनिक ॲसिडवाले काळे कन्व्हर्टर वेगळे: ते धुवायचे नसतात, गंजावर निळसर-काळा थर बनवून तिथेच राहतात. त्यावर कोणता प्रायमर चालतो ते त्यांच्या डब्यावर दिलेलं असतं. दोन्ही एकाच जागी वापरू नका.

उघड्या धातूच्या भोवतीच्या रंगाची कड १८०, २४०, ३२० अशा क्रमाने उतरती करा. बोट फिरवल्यावर पायरी लागता कामा नये. एवढं झालं की मोजे घाला आणि यानंतर धातूला उघड्या हाताने शिवू नका. घामातलं मीठ बोटाच्या ठशासकट गंजून वर येतं. क्लीनरने शेवटचं पुसा, आणि तासाभराच्या आत इपॉक्सी प्रायमरचे दोन हात द्या. दोन हातांमधलं अंतर आणि मिश्रणाचं प्रमाण डब्यावर असेल तसंच. हार्डनर (घट्ट करणारा दुसरा घटक) अंदाजाने ओतू नका. थर पूर्ण धातू झाकून भोवतीच्या घासलेल्या रंगावर थोडा पुढे जायला हवा.

खड्डे दिसत असतील तर पुट्टी या प्रायमरवर भरायची, उघड्या लोखंडावर नाही. पॉलिएस्टर पुट्टी स्पंजासारखी पाणी शोषते. खाली इपॉक्सीचा थर असला तर ते पाणी धातूपर्यंत पोचत नाही. हार्डनर साधारण २ टक्के, म्हणजे १०० ग्रॅम पुट्टीला २ ग्रॅम. थर पातळ ठेवा. आणि पुट्टी कोरडीच घासा. आपल्याकडे पुट्टीवर पाणी ओतत वॉटर पेपर मारायची जुनी सवय आहे. धूळ उडत नाही आणि काम मऊ होतं हे खरं, पण पुट्टीत गेलेलं पाणी तिथेच कोंडतं आणि पहिल्याच मे महिन्यात टप तापला की बुडबुडे येतात. पेंटरभाईंना काम देत असाल तर ही एक गोष्ट आग्रहाने सांगा, समोर उभं राहून बघा. वॉटर पेपर नंतर, पुट्टी वरच्या प्रायमरने पूर्ण झाकल्यावर वापरायचा.

त्यावर सरफेसर प्रायमर (पृष्ठभाग एकसारखा करणारा), तो वाळल्यावर ६०० ने गुळगुळीत करणं, मग रंग आणि क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर). इथे माझं मत स्पष्ट आहे: प्रायमरपर्यंतचं काम घरी करा, शेवटचा रंग बूथ (रंग फवारायची बंद खोली) असलेल्या पेंटरकडून घ्या. हार्डनर घालून वापरायच्या पी.यू. क्लिअरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याची वाफ फुफ्फुसात गेली तर दमा जडू शकतो आणि कापडी किंवा साधा धुळीचा मास्क तिला अडवत नाही. घरात मुलं, म्हातारी माणसं असताना अंगणात ते फवारू नये. शिवाय मेटॅलिक रंगाचा ठिगळ टपाच्या सपाटीवर लपत नाही. टप दोन्ही बाजूंनी पन्हळीत संपतो, तेव्हा पूर्ण टप एका पन्हळीपासून दुसऱ्या पन्हळीपर्यंत रंगवून घेतला तर जोड कुठेच दिसत नाही. एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) रंग स्वस्त पडतो, पण बडोद्याच्या उन्हात तो लवकर फिका पडतो, पी.यू.च सांगा.

पन्हळीतला गंज

काळी पट्टी काढण्याआधी नव्या क्लिपा आणून ठेवा, जुन्या बहुधा तुटतात. प्लॅस्टिकच्या पत्रीने एका टोकापासून उचला. स्क्रू ड्रायव्हर घातला तर रंगावर नवा चरा पडतो आणि नवा गंज तिथूनच सुरू होतो. तडकलेलं सीलंट पूर्ण खरवडून काढा. चांगलं दिसणारं सीलंटही टोकरून बघा, कडेने सुटत असेल तर तेही काढायचं. धातूवरची प्रक्रिया वरच्यासारखीच, फक्त इपॉक्सी प्रायमर इथे बारीक ब्रशने सांध्यात जिरवून लावा. तो वाळल्यावर पी.यू. सीलंटची सलग रेघ भरा आणि मोज्यातल्या बोटाने दाबून सारखी करा. वर रंग. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन भरू नका: सुकताना त्यातून ॲसेटिक ॲसिड निघतं आणि ते लोखंड खातं. वर त्यावर रंगही बसत नाही.

काचेच्या कडेचा गंज रबराखाली शिरत असेल तर नुसतं बाहेरून घासून उपयोग नाही. काच उतरवून चौकट साफ करावी लागते आणि नव्या युरेथेनने काच पुन्हा बसवावी लागते. ती काच गाडीच्या मजबुतीचा भाग आहे, तेव्हा हे काच बसवणाऱ्या जाणकाराकडूनच.

भोक पडलं असेल तर

फायबर आणि पुट्टीने भोक बुजवून देणारे बरेच भेटतील. आतल्या बाजूने ओल सुरूच राहते आणि भोक मोठं होतं. योग्य इलाज एकच: कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करणं. त्याआधी बॅटरीची तार सोडलेली, सिलिंग पूर्ण उतरवलेलं आणि जवळ आग विझवायची सोय असलीच पाहिजे. सिलिंगचा फोम भसकन पेटतो. कर्टन एअरबॅग (बाजूच्या खिडक्यांवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या) असलेल्या गाडीत त्या टपाच्या बाजूच्या दांड्यातच घडी घालून ठेवलेल्या असतात, तिथे वेल्डिंग किंवा ड्रिल कंपनीच्या सूचनेशिवाय करायचं नाही. वेल्ड झाल्यावर मागच्या बाजूचा जळका भाग साफ करून इपॉक्सी आणि वर कॅव्हिटी वॅक्स (आतल्या पोकळ्यांत मारायचं गंजरोधक मेण) मारून घ्या. सिलिंग परत चढवण्याआधी ते स्वतः पाहा, एकदा चढलं की कुणी उतरवत नाही. दांडा किंवा खांबच कुजला असेल तर खर्च करण्याआधी गाडीची किंमत विचारात घ्या. विम्यातून हे मिळत नाही. झिजेचं आणि गंजाचं नुकसान नेहमीच्या पॉलिसीत धरलेलं नसतं.

पुन्हा येऊ नये म्हणून

नव्या रंगावर पेंटर सांगेल तोवर, साधारण महिनाभर, वॅक्स लावू नका; आतलं थिनर बाहेर जायला वाट हवी. त्यानंतर वर्षातून दोनदा वॅक्स: एकदा जूनच्या पहिल्या आठवड्यात, एकदा दिवाळीच्या आधी. खड्याने रंग उडालेला ठिपका दिसला की त्याच आठवड्यात टच-अप ब्रशने बंद करा.

कबुतरांची विष्ठा वाळली की खरवडू नका. ओलं कापड दहा मिनिटं ठेवा, मग उचला. तिच्यातलं युरिक ॲसिड आणि वरून उन्हाची भर, यांनी क्लिअर कोट कायमचा खाल्ला जातो. दिवाळीत रात्री पडलेली राख सकाळी दव पडल्यावर ओली होते. हात फिरवण्याआधी भरपूर पाण्याने वाहवून टाका. सोसायटीत रोज गाडी पुसणाऱ्या भाऊंना एक वेगळं, रोज धुतलेलं कापड द्या आणि आठवड्यातून एकदा पन्हळीत पाण्याची धार सोडायला सांगा. कव्हर घालत असाल तर ओल्या टपावर कधीच नाही. पावसाळ्यात ताडपत्रीसारखं कव्हर आत घाम धरतं. त्यापेक्षा उघडी गाडी बरी.

सनरूफच्या चौकटीला कोपऱ्यांत नळ्या असतात, त्या खांबांतून खाली उतरतात. मृगापूर्वी प्रत्येक कोपऱ्यात पेलाभर पाणी हळूहळू ओता. ते गाडीखाली ठिबकलं पाहिजे. तुंबलं असेल तर गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी हळूच सरकवा. पंपाची हवा मारू नका, नळी आतल्या आत सुटते आणि मग पाणी थेट सिलिंगवर येतं.

कॅरिअर बसवताना प्रत्येक भोकाच्या कडेला आधी इपॉक्सी, मग रबर वॉशर आणि सीलंट. स्टीलच्या स्क्रूने टपाचा रंग घासला जातो तिथे नायलॉनचा वॉशर घाला. आणि दमणच्या किंवा कोकणातल्या किनाऱ्यावरून, धोरडोच्या पांढऱ्या रणातून गाडी घरी आली की सामान उतरवायच्या आधी नळ सोडा. रणातली मिठाची धूळ कॅरिअरच्या पायांखाली आणि पन्हळीत जाऊन बसते, आणि हवेतली ओल स्वतःकडे ओढत राहते. गोड्या पाण्याने, वरून खाली, पन्हळीतून वाहणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवा.